हिमपक्ष्यांच्या वाटेवर सीमेचा अडसर

ऑक्टोबर सरत आला की कॅनडाच्या ओंटारिओ, क्युबेक, मॅनिटोबा आदी प्रांतांतून मोटारघरांचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. स्वयंपाकघर, शय्या, स्नानगृह असा सारा संसार एका लांबलचक गाडीत मावलेला, चालकाच्या आसनावर साठी-सत्तरीतला गृहस्थ आणि शेजारी नकाशा व औषधांची पेटी सांभाळणारी त्याची सहधर्मचारिणी, हे दृश्य उत्तर अमेरिकेत काही दशकांपासून परिचयाचे आहे. मिशिगनच्या उत्तर टोकापासून मायामीच्या परिसरापर्यंत जाणारा ७५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग, पूर्व किनाऱ्याला धरून उतरणारा ९५ क्रमांकाचा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने पश्चिमेकडे वळणारा १० क्रमांकाचा महामार्ग या त्यांच्या ठरलेल्या वाटा. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा, अलाबामातील गल्फ शोअर्स, टेक्सासमधील पोर्ट अॅरान्सस व साउथ पाद्रे बेट हे मुक्काम. मार्चअखेर बर्फ वितळू लागले की परतीचा प्रवास. या मंडळींना तेथे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत अस्थैर्याची कीव करण्यासाठी वापरली जाते. या जोडप्यांनी मात्र ते बिऱ्हाड हौसेने, आयुष्यभराची बचत खर्चून पाठीवर घेतलेले आहे.

ही व्यवस्था दोन गोष्टींवर उभी होती. एक म्हणजे जवळजवळ अदृश्य अशी सीमा आणि दुसरी, पेन्शनीत भागेल असा खर्च. २०२५ साली या दोन्हींना एकदम तडा गेला.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या वर्षीच्या प्रारंभी कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि कॅनडाने ५१वे राज्य व्हावे, असा धोशा लावला. त्यानंतर कॅनडात जी संतापाची लाट उसळली, तिचा पहिला आघात पर्यटनावर झाला. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार अमेरिकेतून मोटारीने परतणाऱ्या कॅनेडियनांच्या फेऱ्या मार्च २०२५ मध्ये आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास ३२ टक्क्यांनी, तर मे महिन्यात सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. अर्थात या आकड्यांवरून हिमपक्ष्यांविषयी घाईने निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. या फेऱ्यांत सीमेपलीकडे पेट्रोल भरायला आणि खरेदीला जाऊन सायंकाळी परतणारेही मोजले जातात. शिवाय मार्चमध्ये दक्षिणेत असलेली जोडपी वाद पेटण्यापूर्वीच, आदल्या शरदात तेथे पोहोचलेली होती. दिवसाची सहल रद्द करणे सोपे असते. चार-पाच महिन्यांचा मुक्काम, आगाऊ भरलेले भाडे आणि तेथे जमलेला स्नेहीजनांचा गोतावळा सोडणे तितके सोपे नसते.

मोटारघरवाल्यांची कोंडी इतरांहून वेगळी आहे, ती भूगोलामुळे. विमानाने जाणारा निवृत्त कॅनेडियन अमेरिकेवर बहिष्कार घालून पोर्तुगाल वा मेक्सिकोचे तिकीट काढू शकतो. मोटारघराला ती मुभा नाही. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गाडी न्यायची, तरी वाट अमेरिकेतूनच जाते. देशातच राहायचे म्हटले तर सौम्य हिवाळा मिळतो तो व्हँकुव्हर बेटासारख्या पश्चिम किनाऱ्यावरील मोजक्या भागात. अन्यत्र गोठणबिंदूखाली गाडीतील पाण्याच्या नळ्या फुटतात, म्हणून त्यांत गोठणरोधक द्रव भरून ती अंगणात उभी करून ठेवावी लागते. म्हणजे ज्या सहा महिन्यांसाठी ती घेतली, त्याच सहा महिन्यांत ती निरुपयोगी.

त्यातच कागदपत्रांचा जाच वाढला आहे. कॅनेडियन नागरिकास व्हिसाशिवाय साधारणतः सहा महिने अमेरिकेत राहता येते. ११ एप्रिल २०२५ पासून मात्र ३० दिवस वा त्याहून अधिक काळ राहणाऱ्या परकीयांना नोंदणीची सक्ती लागू झाली. विमानाने येणाऱ्याची प्रवेशनोंद आपोआप होते व तीच नोंदणी मानली जाते. रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्या कॅनेडियनाची तशी नोंद बहुधा होतच नसे. साहजिकच या नियमाचा खरा भार गाडीने येणाऱ्या वृद्धांवरच पडला. पुढे २६ डिसेंबर २०२५ पासून कॅनेडियनांसह सर्व परकीयांची येता-जाता छायाचित्रे घेण्याचा नियम अमलात आला. कोण किती दिवस राहिला, याचा हिशेब आता त्या जोडप्याच्या डायरीत नव्हे, तर सरकारी संगणकात राहणार.

हा हिशेब क्षुल्लक नाही. पुण्या-मुंबईहून मुलांकडे न्यू जर्सीला वा कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या आजी-आजोबांना सहा महिन्यांच्या मुदतीची दिवसगणती चांगली ठाऊक असते. कॅनेडियनांना याशिवाय कराचे गणितही करावे लागते. अमेरिकेचा करविभाग चालू वर्षाचे पूर्ण दिवस, गतवर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज करतो. ती १८३ वर गेली की संबंधित व्यक्ती कराच्या दृष्टीने रहिवासी ठरू शकते. दरवर्षी सुमारे चार महिने राहिले तरी ही मर्यादा गाठली जाते आणि आपले घरदार कॅनडातच असल्याचे विवरण दरवर्षी भरावे लागते. मायदेशी आणखी एक घड्याळ चालू असते. ओंटारिओत सरकारी आरोग्य विम्याचा हक्क टिकवण्यासाठी कोणत्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहणे बंधनकारक आहे.

आणि खरी धास्ती आहे ती आरोग्याचीच. ओंटारिओचा सरकारी विमा परदेशातील तातडीच्या रुग्णालयीन उपचारांसाठी दिवसाला कमाल ४०० कॅनेडियन डॉलर देतो. अमेरिकन रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या देयकापुढे ही रक्कम नगण्य होय. म्हणून खासगी प्रवासविमा अटळ ठरतो आणि त्याची मेख ‘स्थिरते’च्या कलमात असते. निघण्यापूर्वी तीन वा सहा महिन्यांत प्रकृतीत किंवा औषधांत बदल झालेला नसावा, अशी ही अट. सप्टेंबरात डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलली आणि जानेवारीत फ्लोरिडात हृदयविकाराचा झटका आला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पंचाहत्तरीच्या माणसाची औषधे सहा महिने बदलू नयेत, ही अपेक्षा वैद्यकशास्त्रापेक्षा विमाशास्त्राला धरून आहे. सुरळीत सीमेच्या काळात ही जोखीम सोसणारे, वातावरण प्रतिकूल होताच ती नव्याने मोजू लागले असल्यास नवल नाही.

या दुखण्यातून अमेरिकन जोडपीही सुटलेली नाहीत. मिनेसोटा किंवा आयोवातून टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या ‘विंटर टेक्सन’ मंडळींना पारंपरिक मेडिकेअर देशभर चालते. परंतु २०२३ पासून निम्म्याहून अधिक पात्र वृद्ध खासगी कंपन्यांच्या ‘मेडिकेअर अॅडव्हान्टेज’ योजनांत आहेत. तातडीचे उपचार त्यात कोठेही मिळतात, नेहमीचे मात्र बहुतेक योजनांत ठरलेल्या भागातील ठरलेल्या डॉक्टरांकडेच. घर सोडून चार महिने फिरणाऱ्यास त्याचा उपयोग मर्यादित.

पैशाचे गणितही बिनसले आहे. २०११ च्या सुमारास कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला होता. २०२५ च्या आरंभी तो ७० सेंटच्याही खाली गेला. त्या दराने महिन्याला चार हजार कॅनेडियन डॉलर पेन्शन असलेल्या जोडप्याच्या हाती सीमेपलीकडे २,८०० अमेरिकन डॉलरही येत नव्हते. मोठे मोटारघर लिटरमागे जेमतेम तीन-चार किलोमीटर धावते. १ जानेवारी २०२६ पासून एव्हरग्लेड्ससह ११ राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यास, २५० डॉलरचा वार्षिक पास नसल्यास, माणशी १०० डॉलर अधिभार लागू झाला आहे. अमेरिकन ज्येष्ठ नागरिकाला मात्र सर्व राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास ८० डॉलरमध्ये मिळतो.

सीमेचा प्रश्न उद्या सुटला, तरी किनारा पूर्वीचा राहिलेला नाही. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ चक्रीवादळाने फोर्ट मायर्स बीच उद्ध्वस्त केले आणि सॅनिबेल बेटाचा जोडरस्ता तोडला. २०२४ मध्ये ‘हेलीन’ आणि ‘मिल्टन’ दोन आठवड्यांच्या अंतराने त्याच राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळली. वादळांचा अधिकृत हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो, म्हणजे हिमपक्षी निघतात तेव्हा तो संपलेलाही नसतो. पाण्याकाठच्या स्वस्त मोटारघर-तळांची जमीन वादळानंतर अनेकदा बांधकाम व्यावसायिकांना अधिक मोलाची वाटते. पुनर्बांधणीचा आणि विम्याचा खर्च अखेर भाड्यात उतरतो.

या ग्राहकांचे मोल अमेरिकेतील लोकप्रतिनिधींना कळत नाही, असे नाही. २०२५ च्या वसंतात फ्लोरिडा, अॅरिझोना व न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी पन्नाशी ओलांडलेल्या कॅनेडियनांची मुदत १८२ वरून २४० दिवसांवर नेण्याचे विधेयक मांडले. त्याची अट अशी की, अर्जदाराचे कॅनडात घर असावे आणि अमेरिकेत मालकीचे वा भाडेकराराचे निवासस्थान असावे. ज्याचा पत्ता दर पंधरवड्याला बदलतो, त्या मोटारघरवाल्याला या चौकटीत बसवणे कठीणच. शिवाय मुदत कमी पडते ही तक्रार बहुतेकांची नव्हतीच.

निर्णयाची वेळही विचित्र आहे. २०२४ पासून फ्लोरिडाच्या राज्य उद्यानांतील तळांची नोंदणी तेथील रहिवाशांना अकरा महिने आधी, तर बाहेरच्यांना दहा महिने आधी खुली होते. जानेवारीतील किनाऱ्यालगतची जागा हवी असेल, तर कॅनेडियन जोडप्याला ती आदल्या मार्चमध्ये मागावी लागते, तीही स्थानिकांनी महिनाभर आधी निवडून झाल्यावर. त्या मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्यातला विनिमय दर ठाऊक नसतो, सीमेवरचा नियम ठाऊक नसतो, आणि सप्टेंबरात गोळीची मात्रा बदलेल की नाही, हेही ठाऊक नसते.