मुदतीला धाक हवा

दंतवैद्य बदलणाऱ्या रुग्णाजवळ जुनी क्ष-किरणचित्रे व उपचारांच्या नोंदी नसतील, तर त्याच तपासण्यांसाठी त्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात. नोंदी अडवून धरणाऱ्या चिकित्सालयाला मात्र या विलंबाची तोशीस लागत नाही. हा उफराटा व्यवहार सुलटा करणे, हेच कायद्यातील मुदतीचे प्रयोजन होय.

अमेरिकेत १९९६ च्या 'हिपा' कायद्याखालील नियमांनुसार मागणीपासून ३० दिवसांत रुग्णाला नोंदींची प्रत द्यावी लागते. लेखी कारण कळवून आणखी ३० दिवस, तेही एकदाच, घेता येतात. २००९ च्या कायद्याने गोपनीयतेच्या भंगालाही मुदत घातली. भंग उघडकीस आल्यावर विनाकारण विलंब न लावता, फार तर ६० दिवसांत, रुग्णाला कळविले पाहिजे. बाधित ५०० वा अधिक असतील तर सरकारलाही त्याच मुदतीत कळवावयाचे; कमी असतील तर वर्ष संपल्यानंतर ६० दिवसांत. लहान दवाखान्यातील भंग सरकारदरबारी पोहोचण्यास अशा रीतीने वर्षही लोटू शकते.

परंतु मुदत लिहिली म्हणजे ती पाळली जाते असे नाही. प्रत मिळण्याचा हक्क २००३ पासून अंमलात असूनही त्याच्या पालनासाठी खास मोहीम निघाली ती २०१९ मध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन दंतचिकित्सा संस्थांनी तडजोडीच्या रकमा भरण्याचे मान्य केले. त्यांपैकी जॉर्जियातील संस्थेने प्रतींचे १७० डॉलर मिळाल्यावाचून नोंदी देण्याचे नाकारले होते. रुग्णाला त्या वर्ष उलटून गेल्यावर मिळाल्या. या हट्टाची किंमत ठरली ८०,००० डॉलर. विलंब महाग पडतो हे दिसल्याखेरीज तो थांबत नाही, असाच याचा अर्थ.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बाधितांना विनाविलंब कळवावे आणि मंडळाकडे ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. या तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. अमेरिकेतील ६० दिवसांपुढे ७२ तास कडक भासतात खरे. पण गल्लीतल्या दवाखान्याच्या संगणकातून माहिती फुटली, तर ते रुग्णाला कळणार कसे आणि त्याची तक्रार वेळेत निकाली काढणार कोण? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर मुदत तासांची असो वा दिवसांची, ती कागदावरच राहील.