झोप वैमानिकाची, नफा मालकाचा!

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या विमानतळावर जे घडले, ते रेल्वे आणि टपाल कामगारांनी नीट समजून घेतले पाहिजे. ५ डिसेंबरला इंडिगो कंपनीने दिल्लीहून सुटणारी आपली सर्व देशांतर्गत विमाने मध्यरात्रीपर्यंत रद्द केली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत देशभरात २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उशिरा सुटली, तीन लाखांवर प्रवासी अडकले. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया बॅगांवर डोके टेकून फरशीवर पडून राहिल्या. आणि लगेच एक सूर निघाला: वैमानिकांना जादा विश्रांती देणारा नवा नियम आला, म्हणून ही पाळी आली!

आम्ही म्हणतो, हे साफ खोटे आहे.

हा ‘नवा’ नियम किती नवा होता? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जानेवारी २०२४ मध्येच काढला होता. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची ड्युटी पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची. रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच लँडिंग. १ जून २०२४ पासून हे लागू व्हायचे होते. कंपन्यांनी ओरड केली आणि तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढत राहिल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: काही कलमे १ जुलै २०२५ पासून आणि उरलेली १ नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली. एवढ्या काळात आपल्याकडे नवा माणूस भरती होऊन, ट्रेनिंग घेऊन कामालाही लागतो!

ही मागणी हवेतून आलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन निघालेला चाळिशीचा वैमानिक गेटजवळच कोसळला आणि मरण पावला. थकव्यानेच मेला असे आम्ही म्हणणार नाही. विश्रांती नियमाप्रमाणे दिली होती, असे कंपनीने सांगितले. पण ‘नियमाप्रमाणे’ म्हणजे किती, आणि पहाटे तीनला सुरू होणारी ड्युटी माणसाच्या शरीराचे काय करते, हा प्रश्न त्यानंतर जोराने पुढे आला. (टपाल खात्यातल्या जुन्या मंडळींना नागपूर वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून मध्यरात्री तिथेच जमत आणि थैल्यांची अदलाबदल होई. रात्रीचे जागरण काय असते हे आरएमएसच्या सॉर्टरला आम्ही काय सांगावे!)

वैमानिक किती आणि विमाने किती, हा हिशेब तिसरीतल्या पोरालाही येतो. कंपनीने काय केले? हिवाळी वेळापत्रकात फेऱ्या वाढवल्या, बुकिंग उघडले, पैसे आगाऊ घेतले. दोन वर्षे हाताशी असूनही भरती गोठवून ठेवली, असा फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सचा आरोप आहे. ज्या फेरीला माणूस नाही, त्या फेरीचे तिकीट विकले. नियम पाळला जाणारच नाही, ऐन वेळी सूट मिळेल, हाच भरवसा असल्याशिवाय असे धाडस कोण करील?

आणि सूट मिळालीच. रात्रीच्या ड्युटीच्या कलमांतून या एकाच कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. आठवड्याच्या विश्रांतीत रजा जिरवता येणार नाही, हे कलम तर सर्वच कंपन्यांसाठी मागे घेतले. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीच्या विमानांतून जात असतील, तर ती सरकारलाही वेठीस धरू शकते. पुढे जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाखांचा दंड झाला, चौकशीत नियोजनाचा ठपकाही कंपनीवरच आला. पण वैमानिकांना दोष देणाऱ्यांपैकी कोणी माफी मागितल्याचे आम्ही ऐकले नाही.

त्या आठवड्यात आम्ही युनियनच्या कामासाठी दिल्लीत होतो. नवी दिल्ली स्टेशनवर विमानतळावरून आलेली माणसे कोणत्याही गाडीत जागा मागत होती. रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. चांगले केले, प्रवासी अडचणीत होता. परंतु त्या जादा डब्यांना जादा टीटीई किती मिळाले? डबे जोडणाऱ्या, तपासणाऱ्या कामगारांची गँग वाढली का? भांडवलदाराची चूक निस्तरायला सरकारी रेल्वे, आणि रेल्वेची कमतरता निस्तरायला आपली हाडे!

आपल्यातले काही विचारतात, लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकांचे आपल्याला काय? आम्ही कबूल करतो, ही मंडळी कामगारांच्या मोर्चात फारशी दिसत नाहीत. पण लोको पायलटच्या मागेही हजार-दीड हजार जीव असतात. १९७३ च्या लोको रनिंग कामगारांच्या संपानंतर दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन संसदेत दिले गेले. त्याला पन्नास वर्षे उलटली तरी लॉबीत साइन ऑफ करताना किती तास भरतात, ते रनिंगवाल्यांना विचारा. मुख्यालयाची १६ तासांची विश्रांती वेगळी द्या आणि साप्ताहिक ३० तास त्यापुढे मोजा, एकूण ४६ तास, ही लोको पायलटांची मागणी. प्रशासन १६ तास त्या ३० तासांतच जिरवते. विमानात रजा विश्रांतीत जिरवण्याची धडपड, इथे विश्रांतीतच विश्रांती! आणि वैमानिकांची मागणी विमाने रद्द झाल्याचे कारण ठरवता आली, तर उद्या गाड्या उशिरा धावण्याचे कारण आपल्या ४६ तासांनाच ठरवतील.

म्हणून सर्व शाखा सचिवांना आमचे सांगणे आहे. रनिंग स्टाफचे मागच्या तीन महिन्यांचे साइन ऑन-साइन ऑफचे तास, लागोपाठ केलेल्या रात्री आणि बुडालेल्या विश्रांत्या नावानिशी उतरवून घ्या. आरएमएसच्या साथींनीही रात्रपाळीची अशीच यादी करावी. रिक्त जागांचा आकडा शेजारी लिहा आणि ही यादी पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीपूर्वी युनियन कार्यालयात पोहोचवा.