स्टीलचे चमचे आणि मीठ नकोच



गेल्या अंकातील लेखात पाण्याचे विद्युत अपघटन करून घरी हायड्रोजन मिळवण्यासाठी स्टीलचे चमचे आणि मिठाचे पाणी सुचवले आहे. कृपया हे मुलांच्या हाती देऊ नका. मिठामुळे धनाग्रावर क्लोरीन सुटतो. स्टीलमधले क्रोमियम विरघळून पाणी पिवळट होते. त्यात कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम असू शकते. ते पाणी मोरीत ओतायचे का? त्याऐवजी धुण्याचा सोडा आणि पेन्सिलीतली ग्राफाइटची कांडी घ्या. धनाग्र झिजून काळी भुकटी पडेल, पडू द्या. निकेलचा पत्रा मिळाला तर उत्तम, सोड्यात तो टिकतो. ॲल्युमिनियम मात्र खाल्ले जाते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या परीक्षानळ्यांतच धरा. हवेत 4 टक्के हायड्रोजनही ठिणगीने पेटतो.

— एक विज्ञान शिक्षिका