एकाच मुखातून फुंकर आणि थुंकी

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी दाखले देण्याविषयीचा निर्णय काढला आणि मराठवाड्यात मराठा व इतर मागासवर्गीय समाजांमधील वादाला पुन्हा धार चढली. कोणाला किती आरक्षण मिळावे, याचा निवाडा विधिमंडळ व न्यायालये करतील. आमची चिंता निराळी आहे. नांदेड-लातूरच्या खेड्यांत एकाच पारावर बसणारी, एकमेकांच्या लग्नकार्यात राबणारी माणसे सभेत आणि मोबाईलवर परस्परांच्या जातीविषयी काय बोलत आहेत?

मराठवाड्याने शब्दांची किंमत पूर्वी मोजली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली, त्यांनी विद्यापीठाच्या नावाचा ठराव मांडला नव्हता की संमतही केला नव्हता. पुढे सुमारे सोळा वर्षे हा प्रश्न धुमसत राहिला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव अस्तित्वात आले. ‘नामांतर’ या शब्दाच्या जागी ‘नामविस्तार’ हा शब्द आला. त्याने सर्वांचे समाधान झाले नाही, हे खरे. तथापि जोडणारा शब्द शोधता येतो, एवढे त्यातून दिसले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आज तेथे नांदेड-लातूरची सर्व जातींची मुले एका बाकावर बसून शिकतात.

पवित्र शास्त्रातील ज्ञानी बेन सिरा एक साधे निरीक्षण नोंदवितो : ठिणगीवर फुंकर घातली तर ती भडकते, थुंकले तर विझते, आणि दोन्ही गोष्टी एकाच मुखातून निघतात. संत याकोबही जिभेला रान पेटविणाऱ्या लहानशा विस्तवाची उपमा देतो. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही आपली म्हण याहून वेगळे काय सांगते?

मात्र संयम म्हणजे मौन नव्हे. ज्याचे घर जळाले त्यालाच ‘जरा शांत राहा’ असे सांगणे, हा बायबलचा संयम नाही. जे नीतिसूत्रांचे पुस्तक सौम्य उत्तराने क्रोध शमतो असे शिकविते, तेच मुक्यांच्या वतीने तोंड उघडण्याची आज्ञाही देते. आपला हक्क ठामपणे मागावा, अन्यायाला अन्याय म्हणावे. परंतु समोरच्याच्या जन्माला शिवी देऊ नये.

२८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवावेत, असे सर्व राज्यांना बजावले. परंतु कायदा बहुधा शब्द सुटल्यानंतर येतो. त्यापूर्वीचा क्षण आपल्या हाती असतो. मोबाईलवर आलेला संदेश पुढे धाडण्याआधी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हे खरे आहे काय? हे बोलणे आवश्यक आहे काय? ज्याच्याविषयी हे लिहिले आहे, त्या शेजाऱ्यासमोर मी हे मोठ्याने वाचू शकेन काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो संदेश तेथेच थांबवावा. गावातील एक ठिणगी तरी आपल्यापाशी विझेल.