गोळी सुरू केली, उतरवणार कोण?

मालेगावात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या ‘कुत्ता गोळी’चा साठा पकडला की ठळक बातमी होते. ती गोळी म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम. हेच औषध कितीतरी सुखवस्तू घरांतल्या औषधांच्या डब्यातही असते. नवरा गेल्यावर झोप उडालेल्या आजींना पंधरा दिवसांसाठी ०.५ मिलिग्रॅमची पट्टी लिहून दिली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात. याला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणूही नये. पण शरीराला याची सवय लागते, हे आजींना सांगायला हवे होते.

मग एके दिवशी केमिस्ट नाही म्हणतो, किंवा काळजीपोटी मुलगाच पट्टी फेकून देतो. खरा धोका इथे आहे. मेंदूला शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचे काम ही गोळी वाढवत असते. ती एकदम बंद झाली की झोप जाते, हात थरथरतात, छाती धडधडते, क्वचित आकडीही येते. आकडी जिवावर बेतू शकते. घरच्यांना वाटते, जुने दुखणेच उलटले. आणि पुन्हा गोळी सुरू होते.

यातून सुटका होते, पण सावकाश. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशाच गोळ्या सोडवण्याचे क्लिनिक चालवले. गरजेनुसार शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणायचे आणि रुग्णाला झेपेल तसा डोस उतरवायचा, ही त्यांची रीत. अमेरिकेतील २०२५ची मार्गदर्शक तत्त्वे दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात सुचवतात. म्हणजे महिने जातात, कधी वर्षही.

आपल्याकडे २०१४ पासून ही औषधे औषधविक्रीच्या नियमांतील ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. केमिस्टने वेगळी नोंदवही ठेवायची, ती तीन वर्षे जपायची. हा बंदोबस्त हवाच. पण विक्री आवळताना आधीच अडकलेल्यांची सोय कुणी केली? जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. कमी ताकदीच्या गोळ्या तिथे मिळाव्यात. पहिली चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी फेरतपासणीची तारीख घालावी. सुरू करणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही. तोवर घरच्यांनी पट्टी फेकू नये, डॉक्टर गाठावा. कुठे जावे कळत नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आकडी आली तर मात्र थेट रुग्णालय.