पारणे नसलेला उपास

मूल तापाने फणफणले की सारे घर जागे होते; तेच मूल ताटावरून रोज अर्धपोटी उठू लागले की घर रागावते. पहिल्या खेपेस डॉक्टरांना बोलावणे जाते, दुसऱ्या खेपेस 'थेरे पुरे झाली' एवढाच शेरा मिळतो. हा भेद प्रसंगी प्राणावर बेतू शकतो, म्हणून पालक व विद्यार्थी यांच्यापुढे आम्ही हा विषय मांडीत आहोत.

जाड होण्याच्या धास्तीने अन्न टाळीत राहणे हा हट्ट नव्हे, आजार आहे. १८७३ साली लंडनचे विल्यम गल व पॅरिसचे शार्ल लासेग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. गल यांनी दिलेले 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही रूढ आहे. अनावरपणे खाऊन ते शरीराबाहेर टाकण्याची धडपड करणे हा दुसरा प्रकार. त्याला १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिले. अमेरिकन गायिका कॅरेन कार्पेंटर १९८३ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तली, ती अशाच आजाराने हृदय दुबळे होऊन. हा आजार मुलींप्रमाणे मुलांनाही होतो.

आमच्या गोमंतकात भेटताच 'जेवलें गो?' असे विचारण्याची रीत आहे. आजारी मूल 'होय' म्हणून मोकळे होते. तेव्हा उत्तरावर न विसंबता डोळ्यांनी पाहावे. पंगत टाळणे, जेवताच न्हाणीघर गाठणे, सैल कपड्यांत अंग झाकणे, सतत थंडी वाजणे, घेरी येणे, केस गळणे, मासिक पाळी थांबणे, ही चिन्हे एकत्र दिसू लागली तर सावध व्हावे. आपल्याकडे उपासाच्या आडोशाला हा आजार सहज लपतो. परंतु उपासाला पारणे असते. ज्याला पारणेच नाही, तो उपास नव्हे.

मग करावे काय? बोलावे, पण ताटावर नव्हे, एकांतात, शांतपणे. 'वाळलीस' म्हणू नये आणि 'आता अंग धरलेस' असेही म्हणू नये. आजारी मन त्याचा अर्थ 'जाड झालीस' असाच घेते. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडून वजन, नाडी व रक्त तपासून घ्यावे, कारण रक्तातील क्षार घटल्यास हृदयाला धोका पोहोचतो. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोचू नये. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. घेरी येऊन मूल कोसळले तर मात्र सल्ल्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. कुमारवयीन मुलांच्या एका प्रमुख उपचारपद्धतीत आईबापांना दोष न देता त्यांनाच जेवणाची सूत्रे हाती घ्यायला शिकवितात. घर हे या आजाराचे गुन्हेगार नव्हे. बरे होण्याच्या कामी ते मोठे साहाय्यक होय.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. शेजारच्या बाकावरील मित्राचा वा मैत्रिणीचा डबा रोज दुसऱ्यांच्या हाती जात असेल, तर ते विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसाच्या कानी घालावे. ती चहाडी नव्हे. मैत्रीचा धर्म तो हाच, असे आम्ही मानतो.