छातीचे ओझे: लाज सोडून बोलूया

पावसाळा लागला की वस्तीतल्या आरोग्य बैठकीत एक तक्रार हमखास येते. पण बैठक संपल्यावर, दाराआड. छातीखाली घाम साचून कातडी सोलवटते, खाज सुटते. पुढे विचारले की बाकीचेही बाहेर येते. मान आखडते, खांद्यावर ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ पडलेत, चार घरची धुणीभांडी करून आले की पाठ सरळ होत नाही. आणि शेवटी, "ताई, हे कुणाला सांगू नका."

आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हा अशा बायांना मलम आणि दुखण्याची गोळी देऊन परत पाठवले आहे. त्यावर ऑपरेशन असते हे आम्हाला ठाऊक होते, तरी बोललो नाही. आपल्या बायांना हे परवडणार नाही, हे आम्हीच परस्पर ठरवले. ती आमची चूक होती.

प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. आधी नीट मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रेसियर वापरून पाहा. कातडी कोरडी ठेवा, पाठीचे व्यायाम शिकून घ्या, वजन जास्त असेल तर कमी करा. एवढे करूनही दुखणे हटत नसेल तर प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत जा. ससूनमध्ये हा विभाग आहे. नावावर जाऊ नका. भाजलेल्यांवर उपचार करतात तेच हे डॉक्टर.

ऑपरेशनआधी रक्त, साखर तपासतात. चाळिशी ओलांडली असेल तर बहुधा मॅमोग्राफीही करतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवावे लागते. आणि मिसरी! मिसरी म्हणजे तंबाखूच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पुरत नाही, टाके उसवतात, स्तनाग्राची कातडी काळी पडून झडूही शकते. किमान महिनाभर आधीपासून जखम पूर्ण भरेपर्यंत मिसरी बंद. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास ऑपरेशन चालते. जादा चरबी, ग्रंथींचा भाग आणि कातडी काढतात, स्तनाग्र वर सरकवून बसवतात. काढलेला भाग तपासणीला पाठवतात; तो रिपोर्ट मागून घ्या. टाके स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि बहुतेकदा छातीच्या घडीतही असतात. कधी एकदोन दिवस नळी ठेवतात. एकदोन दिवसांत घरी सोडतात, पण खरी परीक्षा घरीच असते. हलकी कामे साधारण दोन आठवड्यांनी. पाण्याची कळशी, सिलिंडर, ओले कपडे, कडेवर मूल हे चार ते सहा आठवडे नाही. आधाराची ब्रेसियर रात्रंदिवस. म्हणून तारीख घेण्याआधी घरच्यांना बसवून विचारा, पाणी कोण भरणार? नवऱ्याने आणि मुलाने हंडा उचलला तर ऑपरेशन निम्मे यशस्वी झाले समजा.

आता जे कोणी आपणहून सांगत नाही ते. व्रण कायमचे राहतात. वर्षभरात फिके पडतात, पुसले जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, काहींची परत येत नाही. पुढे बाळाला दूध कमी पडू शकते, म्हणून मूल हवे असेल तर आधी बोला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. वजन वाढले किंवा दिवस राहिले तर आकार पुन्हा वाढू शकतो. वाढत्या वयाच्या मुलींना डॉक्टर शक्यतो थांबायला सांगतात. ताप आला, एका बाजूला अचानक सूज आली, पू किंवा रक्त वाहू लागले तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. हे सगळे समजूनही बहुतेक बाया समाधानी असतात, कारण मान, खांदे आणि पाठ हलकी होते.

प्रश्न पैशांचा. खिडकीवर अनेकदा एकच उत्तर मिळते, "हे सौंदर्याचे ऑपरेशन आहे." आमचे म्हणणे असे, की ज्या दुखण्याने बाईची मजुरी बुडते आणि मुलगी कबड्डी सोडून घरी बसते, ते सौंदर्याचे कसे? त्रास किती महिन्यांचा, काय उपचार केले, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आणि महापालिकेच्या शहरी गरीब योजनेच्या कार्यालयात विचारा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. मात्र हप्त्यावर ऑपरेशनच्या जाहिरातीला भुलून सावकाराच्या दारात जाऊ नका.

1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते, की आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. कष्टकरी बाईचे शरीर हा तिचा खाजगी, लाजिरवाणा मामला नाही, हे तेव्हाच सांगून झाले आहे. ते आपण आपल्या घरात कधी मानणार?

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा. दाराआड नको, सगळ्यांत बसून.

जय भीम!